पिवळा दोरा, चार गाठी

सर, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं म्हणत नाही, पण आली तेव्हा तोंडात चांगलं काही आलं नाही. परवा कॉलेजात जाऊन आले तेव्हापासून तर डोकं तापलेलंच आहे. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायला वेळ लागतो. दुपारी भांडी झाली की ओट्याला पाठ लावून बसते आणि चार ओळी ओढते.

माझी थोरली नात आता तुमच्याच ग्रंथालयात आहे. कंत्राटी, पण शिकून लागली, माझ्यासारखी झाडू घेऊन नव्हे. तिथे तीन दिवसांची कार्यशाळा होती. जिल्ह्यातले ग्रंथपाल आणि पीएचडी करणारी मंडळी गोळा केलेली, गळ्यात पट्टे, पट्ट्यात नावं, हातात खाऊचे डबे. शिकवायला पुण्याहून एक बाई आणि तिच्या हाताखाली एक गडी. जुने कागद संगणकावर कसे चढवायचे आणि कुणालाही बसल्या जागी सापडतील अशी त्यांची माहिती कशी भरायची, असा विषय. हात बसवायला म्हणून मागच्या खोलीतले आपले दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे काढले. आणि पहिल्याच दिवशी, सर, त्या शिकलेल्या लोकांनी कात्री घेऊन दोरे कापले. का, तर मशीनवर कागद सपाट बसला पाहिजे. एका टेबलावरच्या सगळ्या गठ्ठ्यांचे कागद मोकळे करून एकावर एक रचले, दोरे केरात टाकले आणि मग तुमची नोंदवही उघडली. त्यात गठ्ठ्यापुढे काय लिहिलंय? ‘लाल, दोन गाठी.’ ‘निळा, एक गाठ.’ बास. पुढे कोरं.

नातीचा फोन आला. “आज्जी, लाल म्हंजे काय गं?”

“पाण्याची भांडणं. का?”

“आणि दोन गाठी?”

“पन्हाळ्याकडचं. अगं, झालंय काय?”

“तू उद्या येतीस का? हितं कुणालाच काय कळंना झालंय.”

कळणार कसं? तुम्हालाच कळत नव्हतं. कागद तुम्ही गोळा केले, ते खोटं नाही. दर रविवारी एसटीनं गावोगाव जायचा आणि पिशवी भरून आणायचा. कुस्तीच्या मैदानाची हँडबिलं, पाण्याच्या पाळीवरून झालेले तक्रारअर्ज, लग्नपत्रिका, बायकांकडून लिहून घेतलेल्या ओव्या. आणून ढीग लावायचा आणि मला सांगायचा, “मावशी, गारगोटीकडची हँडबिलं आण.” मला तेव्हा जोडाक्षर लागत नव्हतं. मी भलताच गठ्ठा आणला. तो दिवस मला लख्ख दिसतो. बाकांवर पोरं बसलेली आहेत, तुम्ही चष्मा काढून टेबलावर आपटता आणि म्हणता, “ज्याला अक्षर कळत नाही त्यानं कागदाला हात लावू नये. झाडू लाव फक्त.” पोरं हसली. एक मुलगी हसली नाही, तिचा चेहरा अजून ध्यानात आहे.

तेव्हा मी दोरे आणले. आमच्या गल्लीत एक मुसलमान शिंपी होते, त्यांच्याकडच्या उरलेल्या रिळांचे. लाल म्हणजे पाणी, निळा म्हणजे कुस्ती, पिवळा म्हणजे ओव्या, हिरवा म्हणजे लग्नं. एक गाठ गारगोटीकडची, दोन पन्हाळ्याकडच्या, तीन गगनबावड्याकडच्या. तिकडच्या कागदाला मुळातच ओल, तो गठ्ठा हाताला डोळे मिटूनही कळायचा. तुम्ही मागाल ते मी मागेपुढे न बघता आणून देऊ लागले. तुम्ही कसं काय म्हणून एकदाही विचारलं नाही. मग मुंबईचे कुणी प्राध्यापक आले, त्यांनी गारगोटीची हँडबिलं मागितली, मी चहा ठेवायच्या आत गठ्ठा ठेवला. ते म्हणाले, “वा, काय व्यवस्था आहे!” आणि तुम्ही, मी कपबशी घेऊन शेजारी उभी असताना, म्हणालात, “माझी स्वतःची पद्धत आहे.” त्याच आठवड्यात नोंदवही केलीत, सुंदर अक्षरात, आणि पहिल्या पानावर ‘वर्गीकरण’ लिहून पुढे स्वतःचं नाव घातलंत. रंग लिहिले, गाठी लिहिल्या. अर्थ लिहिला नाही, कारण तो विचारायला माझ्याकडे यावं लागलं असतं. मी रिटायर झाले तेव्हा शाल दिलीत, नारळ दिलात आणि भाषणात सांगितलंत की आमच्या मावशींनी झाडलोट चोख केली. शाल मी पोतेऱ्याला घेतली. चांगली टिकली.

तर मी गेले. पुण्याच्या बाईंनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की कागदात काय आहे ते एक आणि कागदाबद्दलची माहिती ते वेगळं, त्याला मेटाडेटा म्हणतात, तोच महत्त्वाचा. मी म्हटलं, “म्हंजे गाठ की ओ, बाई. तीच कापलीसा न्हवं?” मागच्या बाकांवर दोघं-तिघं खोकले. बाईंचा गडी म्हणाला, “आजी, आम्हाला वाटलं साधी सुतळी आहे.” मी म्हटलं, “पावणं, बांधलेल्या गोष्टीला कात्री लावायच्या आधी कुणी बांधली ते तरी इचारावं माणसानं.” बिचारा खाली बघायला लागला. मग दोन तास मी ते मोकळे कागद हातात घेऊन वेगळे करत बसले. उरलेले गठ्ठे अजून बांधलेले होते, ते एकेक पुढे येत होते. मी सांगत होते, नात टाइप करत होती, आणि त्या डॉक्टर होऊ घातलेल्या पोरी वहीत उतरवून घेत होत्या.

त्या फॉर्मात एक रकाना आहे, ही रचना कुणी केली. नातीनं माझं नाव घातलं. कॉलेजचे प्रिन्सिपल तिथंच उभे होते, ते पुढे झाले. “अगं, नोंदवहीत सरांचं नाव आहे स्पष्ट. आजींची मदत झाली असेल, नाही म्हणत नाही. खाली आभारात घाल.”

नात म्हणाली, “सर, मदत न्हाई. तिनंच केलंय सगळं.”

“पुरावा काय?”

बाईंनी तोडगा काढला. उरलेले सगळे गठ्ठे आजींना ओळखता आले तर नाव आजींचं. प्रिन्सिपलनी हाताची घडी घातली आणि माझ्यासमोरच बसले. मी भराभर सांगत गेले, बाईंचा गडी आतले कागद ताडून बघत गेला. एक अडला नाही. शेवटी खालच्या फडताळातनं एक छोटा गठ्ठा आला. पिवळा दोरा. चार गाठी.

मी चार गाठी कधी मारल्या नव्हत्या, सर. आणि ती गाठ माझी नव्हतीच, माझी गाठ अशी ढिली नसते. कागद सगळे तुमच्या हातचे, नुसत्या ओव्या, गाव कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे मी रिटायर झाल्यावर तुम्ही एकटे त्या खोलीत बसून माझे रंग लावलेत, माझ्या गाठी मोजल्यात आणि पुढची एक मारलीत. कुठल्या गावाला जाऊन आला होतात ते सांगायला मात्र घरी आला नाहीत. माझं घर काय लांब होतं?

“आज्जी, चार गाठी म्हंजे कुठलं?” नात विचारते. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघते आहे. प्रिन्सिपल जरा पुढे वाकले आहेत.

मी म्हटलं, “वारणेकाठचं.”

पापणी हलवली नाही. नातीनं तसंच टाइप केलं, बाईंनी टाळ्या वाजवल्या, रकान्यात माझं नाव बसलं. आता उद्या कुणी हुशार पोरगी त्या ओव्या वाचेल आणि वारणेकाठच्या बायका कशा गात होत्या यावर पुस्तक लिहील. कुठल्या बाईच्या तोंडच्या आहेत त्या, ते तुम्हाला ठाऊक होतं, मला नाही. नातीला मी हे सांगितलेलं नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही. नाव खोडून घ्यायला मी काही जायची नाही.