न्यू ऑर्लिन्समधला गंबो

प्रिय आई,

मी बरी आहे, नोकरीही छान चाललीय. बाबांचा गुडघा कसा आहे?

रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेले होते. कोळंबीचा गंबो मागवला. रस्सा दाट होता, पण त्यातलं पीठ तू भाजतेस तसं खमंग भाजलेलं नव्हतं. आपल्याकडच्या सवयीने मी त्यात बटाट्याचं सॅलड कालवलं. एकजण खिदळली, "अगं, असं तर दलदलीतले गावंढळ खातात!" मीही हसले.

वाढणाऱ्या बाईंनी माझ्या वाडग्याकडे बघून आपल्या गावाकडच्या फ्रेंचमध्ये विचारलं, "कुठल्या गावची गं पोरी तू? आई कोण तुझी?"

मी इंग्रजीत म्हणाले, "मला ही भाषा येत नाही."

त्या आत गेल्या. मी वाडगा बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले आणि आपल्या बोलीत म्हटलं, "मी ओदील गिद्रीची मुलगी. काल खोटं बोलले."

त्या म्हणाल्या, "ते कालच कळलं मला. माफी माझी कसली मागतेस? आईला लिही."

तुला वाचता येत नाही, हे पत्र शेजारच्या युलालीकडून वाचून घेशील. म्हणजे तिलाही कळेल. कळू दे.

तुझीच,
एमेलीन