आत घेतलेला कुर्ता

प्रिय ठमे,

रोज फोनवर बोलणं होतं, तरी आईला पत्राचं खूळ कुठून सुचलं म्हणून हसशील. हस. पण फोन तुझे बाबा स्पीकरवर लावतात आणि मग स्वतःच बोलत सुटतात. तू म्हणतेस ‘मस्त चाललंय’, ते म्हणतात ‘शाब्बास’, आणि माझ्या वाटणीला ‘जेवलीस का’ एवढंच उरतं. त्याचं ‘हो’ तू इतक्या घाईनं म्हणतेस की ते मला कधी पटलंच नाही. म्हणून आज ब्लाउजचं काम बाजूला सारून शिलाई मशीनवरच कागद ठेवलाय.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगते. पहिल्या वर्षी तू बाबांना महिन्याच्या खर्चाचा कागद पाठवलास ना, खोलीभाडं, बसचा पास, जेवण, असा? तो त्यांनी नुसता वाचला नाही, त्याच्या झेरॉक्स काढल्या. जन्मभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस, लेकीचा हिशेब पाहून हरखून गेला. लोक म्हणतात परदेशात पैसा पुरत नाही, आमची पोरगी बघा निम्म्यात भागवते, अंथरूण पाहून पाय पसरते, असं भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. ज्यांची मुलं बाहेर शिकायला निघायची ते आपल्याकडे कागद न्यायला येऊ लागले. मी चहा करत होते. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं.

समोरच्यांनी त्यांच्या मुलाला, तुझ्या भोपळ्याला, त्याच कागदाच्या भरवशावर तिकडे धाडलं. त्यात लिहिलंय तेवढेच पैसे ते महिन्याला पाठवायचे, वर एक पै नाही. त्यानं एकदा जास्त मागितले तर त्याचे वडील म्हणाले, ती मुलगी असून भागवते, तुला काय धाड भरली? पुन्हा त्यानं मागितले नाहीत. गोदामात खोकी उचलायचं काम धरलं आणि तिथंच एक दिवस कोसळला, हे तुला माहीत आहे. दवाखान्यातून सुटल्यावर तूच त्याला विमानतळावर सोडायला गेली होतीस. आता तो दिवसभर खिडकीत बसून असतो. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्नच नव्हतं, छातीतलं दुखणं वाढत गेलं, फुफ्फुस पहिल्यासारखं व्हायचं नाही. लहानपणी तू त्याला भोपळ्या म्हणून रडवायचीस. आता त्याच्यासमोर ते नाव माझ्या तोंडून निघत नाही. त्याची आई माझ्याकडे शिवायला टाकलेले कपडे तसेच परत घेऊन गेली.

मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, काकू, तिच्या कागदात जेवणाला जेवढे धरलेत त्यात एकच वेळचं होतं. पण तिला जमतंय तर मला का जमू नये, असं वाटायचं. ठमे, विमानतळावर तुम्ही दोघं समोरासमोर उभे होतात. एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलंत असेल. तरी दोघंही मस्त चाललंय म्हणालात का गं?

बाबांसाठी तू त्याच्या पिशवीतून थर्मास पाठवलास. तो शोकेसमध्ये आहे, येईल त्याला दाखवला जातो. माझ्या हाताला मात्र तो ज्यात गुंडाळला होता तो कुर्ता लागला. तू जायच्या आदल्या आठवड्यात मीच शिवलेला, तिकडे अंग भरेल म्हणून आत भरपूर माया ठेवून. तो दोन्ही कुशींत आत घेतलाय. एकदा घेतलास, मग आणखी आत दुसरी टीप घातलीस. हातशिलाई सुबक आहे, मीच शिकवलीय. धुवायला काढला होता, तो तसाच मांडीवर घेऊन बसले. पोटाला चिमटा काढ असं मीही कधीतरी म्हटलं असेन, पण इतका?

बाबांना दाखवला. म्हणाले, हल्ली अशी फॅशन असेल. मग भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून कागदाचं नाव काढत नाहीत, पण तो चुकीचा आहे असंही कोणाला सांगत नाहीत. गावभर सांगून बसलेलं माघारी कसं घ्यायचं हे त्यांना कळत नाही. त्यांच्यावर रागावू नकोस. मी रागावले आहे तेवढं पुरे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझ्या दारात हे घेऊन उभी आहे ती आपल्या पोस्टमनची मुलगी. तिच्या पर्समध्ये तुझ्या कागदाची झेरॉक्स आहे आणि तिच्या बापानं त्यातल्या आकड्यांवरच कर्ज उचललंय. मी तिच्या आईला सांगायला गेले, तर म्हणाली, तुमची गेली, आता आमचीला कशाला अडवता? माझं ऐकणारं कोणी नाही, तुझं ती ऐकेल. तिला आत घे. तो कागद तिच्याकडून मागून घे आणि तिच्यासमोर खरा लिही, जेवणापासून सुरुवात कर. तसाच एक बाबांना पाठव. आकडा आपल्याला झेपणारा नसेल तर परत ये, शिक्षण अर्धं राहिलं तरी ये. तिच्या पिशवीत तुझा कुर्ता आहे. दोन्ही टिपा उसवून पुन्हा तुझ्या मापाचा केलाय. आज अंगावर घाल आणि किती ढगळ होतो ते बाबांना फोनवर उभी राहून दाखव. मी बाजूलाच असेन.

तुझीच,
आई