दिंडोरीची वाइन

सांडोर, वसई
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. लिडिया,

येशूची शांती तुझ्या घरी असो. जितेंद्रला माझा नमस्कार सांग. हे नाव मी पहिल्यांदाच लिहितो आहे, म्हणून अक्षर जरा बिघडलंय.

इकडे सगळं ठीक आहे. पावसानं यंदा पाठ सोडली नाही. विहिरीकडच्या आठ-दहा केळी आडव्या झाल्या, पण राजेळीचे घड चांगले धरलेत. गुडघा कुरकुरतो, तरी सायकल चालवतो. दूधवाला बदलला.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. पत्ता क्लेमेंटीन मावशीनं दिला. का दिला ते लिहीनच. एकदम मुद्द्यावर येणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझी मम्मी गेली तेव्हा तिनं ख्रिसमससाठी घातलेली वाइन बरणीतच होती. मीच गाळली. घाईत गाळ ढवळला आणि सगळी गढूळ झाली. तशीच बाटल्यांत भरली आणि दर रविवारी जेवताना एक पेला घेत गेलो. इस्टरला संपली. त्यानंतरचे रविवार फार लांब झाले. चर्चमधल्या मिस्सेहून यायचं, भात टाकायचा, आणि दहा मिनिटांत जेवून उठायचं. ताटासमोर बसून राहायला काही कारणच उरलं नाही.

म्हणून मे महिन्यात पापडीच्या वाइन शॉपमध्ये गेलो. सत्तरीला आलो, पण वाइन कधी विकत घेतली नव्हती. तुझी मम्मी असताना गरजच काय होती? दुकान स्वप्ना नावाची बाई चालवते, चाळीस-पंचेचाळीसची असेल. मी सगळ्यात स्वस्त मागितली. तिनं गोड पोर्ट वाइन दिली. पुढच्या रविवारी जाऊन मी म्हटलं, "हे खोकल्याचं औषध आहे."

ती हसली. "काका, जेवणात काय होतं?"

"बोंबील."

"बोंबलाबरोबर पोर्ट? सांगायचं नाही का आधी?"

तेव्हापासून मी आधी मेनू सांगतो, मग ती बाटली काढते. कंपनीची पेन्शन किती ते तुला माहीत आहे. तिनंही ते न विचारता ओळखलं. चारशेच्या वर ती माझ्यासाठी हातच लावत नाही. काय काय शिकवलं तिनं! उन्हात ठेवलेली बाटली घ्यायची नाही. पांढरी वाइन फार जुनी घ्यायची नाही. मोठ्या नावाच्या हलक्या बाटलीपेक्षा लहान कारखान्याची साधी बाटली बरी. उरली तर घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायची. तांबडीसुद्धा आपल्या उकाड्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, मग ती घशाला लागत नाही. बोंबलाबरोबर तिनं दिलेली साडेतीनशेची पांढरी इतकी छान लागली की मी सावकाश जेवलो. मम्मी गेल्यावर पहिल्यांदा.

खरं सांगायचं तर मी नुसत्या वाइनसाठी जात नव्हतो. आठवड्यात माझ्याशी चार वाक्यं बोलणारी तीच एक होती. बाटली आवडली की नाही हे सांगायला पुन्हा जाता येई.

ऑगस्टमध्ये मी तिला सांगितलं, आज डुकराचं इंद्याल केलंय, पहिल्यांदाच, पुस्तकात बघून. तिनं एक तांबडी बाटली दिली. "नवीन आलीये काका, दिंडोरीची. तीनशे ऐंशी. बघा तरी."

घरी येऊन एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

ती चव माझ्या ओळखीची होती. पिकल्या जांभळाचा वास आणि शेवटी जिभेवर थोडा तुरटपणा. जायच्या आधीची चार वर्षं इस्टरच्या जेवणाला मम्मी जी वाइन वाढायची, तीच. सरबताच्या जुन्या बाटलीतून ओतायची आणि म्हणायची, "क्लेमेंटीननं दिलीय." मी दर वर्षी सांगायचो, तिला विचार काय घालते ते, तुझ्यापेक्षा बरी करते. मम्मी नुसती हसायची.

मी इंद्याल तसंच टाकून क्लेमेंटीनकडे गेलो. ती भाजी निवडत होती. विचारलं, तू वाइन कधीपासून करतेस?

"मी? मला साधं लोणचं टिकवता येत नाही."

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "सेबॅस्टियन, दर फेब्रुवारीत आम्ही बसनं नाशिकला बाळ येशूच्या यात्रेला जायचो. तुला काय वाटलं, तुझी अँजेला तीन-तीन तास प्रार्थना करायची? लिडिया यायची तिथं. दोघी बाहेर झाडाखाली बसून डबा खायच्या. नंतर नात पण यायची. ती वाइन लिडियानं दिंडोरीत, ती कामाला आहे त्या कारखान्यात, स्वतः केलेली. अँजेला म्हणायची, त्याच्या पोटात जाऊ दे, कुणाची ते कळायची गरज नाही."

तुला मुलगी झाल्याचं मला कुणीतरी सांगितलं होतं. ती मम्मीच्या मांडीवर बसून जेवली आहे, हे माहीत नव्हतं.

मी मम्मीवर रागावलो नाही. रागावेन असं वाटलं होतं. सात वर्षांपूर्वी अंगणात उभं राहून मी तुला जे बोललो, ते तिनं ऐकलं होतं. जितेंद्रशी लग्न केलंस तर या घरात तुझं कुणी नाही, असं मी म्हटलं होतं. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. वर्षातून एक दिवस काढला, आणि तुझ्या हातचं मला पाजलं. आणि मी ते आवडीनं प्यालो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. दोन महिने याच कागदापाशी अडलोय.

गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला सकाळी मम्मी गेली, तेव्हा दुपारी जितेंद्रचा फोन आला होता. तो म्हणाला, "आम्ही निघालोय, सहापर्यंत पोहोचतो. तेवढं थांबा, हात जोडतो." मी त्याला सांगितलं, शरीर ठेवता येत नाही, डॉक्टरांनी लवकर उरकायला सांगितलंय.

ते खोटं होतं, लिडिया. डॉक्टर तसं काही बोलले नव्हते. बर्फाची पेटी दारात आली होती. फादर स्वतः म्हणाले, "मुलगी येऊ दे, मिस्सा उद्या सकाळी ठेवू." मीच त्याच दिवशी दफनाची चारची वेळ धरून बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं डोकं चालत नाहीये. डोकं चांगलं चालत होतं. तू आली असतीस तर मी सगळ्या गावासमोर तुझ्या गळ्यात पडलो असतो आणि इतकी वर्षं मी चुकलो हे सगळ्यांना दिसलं असतं. मला तेवढं नको होतं. त्यापायी मी तुला तुझ्या आईचं तोंड बघू दिलं नाही.

सव्वासहाला तुमची गाडी चर्चकडे गेलेली मी खिडकीतून पाहिली. अर्ध्या तासानं परत आली. आपल्या फाटकाशी जरा थांबली. मी दिवा लावला नाही. आत बसून राहिलो, तुम्ही जाईपर्यंत.

हे मी कन्फेशनमध्ये फादरांना सांगितलं. त्यांनी क्षमेची प्रार्थना म्हटली, पण बाहेर पडताना म्हणाले, "देवाचं झालं. मुलीचं राहिलंय." क्षमा कर असं मी लिहीत नाही. ती मागायला मला तोंड नाही. पण तुला खरं कळायला हवं. डॉक्टरांना नाही, वेळेला नाही, दोष मला दे.

पुढच्या महिन्यात मम्मीची वर्षाची मिस्सा आहे. फादरांनी दोनदा विचारलं, किती वाजता ठेवायची. मी सांगितलं, ते माझ्या हातात नाही, मुलीला विचारावं लागेल. चौदा तारीखच पाहिजे असं नाही. तुझ्या कामाप्रमाणे, नातीच्या शाळेप्रमाणे जो दिवस तू सांगशील तो. तिघं या. माझ्याकडे उतरायचं नसेल तर क्लेमेंटीननं खोली झाडून ठेवलीय. आणि यायचंच नसेल तर तेही दोन ओळींत कळव. मी तुला बोल लावणार नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत फादर वेळ जाहीर करणार नाहीत. मी थांबलोय.

तुझा बाप,
सेबॅस्टियन