बेलमधला दोष

३ तारीख, सोमवार. सकाळी.
आधी घूंऽऽ. मग खरखर. मग विहिरीच्या तळातून दोर धरून कुणी वर यावं तसा माणसाचा आवाज. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला मिनिटभर लागायचा आणि तेवढ्या मिनिटात ताई शाळेतली कविता म्हणून घ्यायची. दोन कडवी व्हायची, तिसऱ्यावर बातम्या येऊन बसायच्या. पासष्ट वर्षं झाली. ती घूं अजून कानात जशीच्या तशी आहे.
याला बहिरेपण म्हणतात?
काल मुलगा कानाचं मशीन देऊन गेला. म्हणे तो तीनदा येऊन अर्धा-अर्धा तास बेल वाजवून परत गेला. मी म्हटलं, बेल खराब आहे. तो म्हणाला, बेल महिन्यापूर्वीच नवी बसवली आहे. मी म्हटलं, म्हणूनच.
अट अशी ठरली: सतराला, सोमवारी, सकाळी दहाला तो येऊन बेल दाबणार. मी दार उघडलं तर इथेच राहायचं. नाही उघडलं तर गाशा गुंडाळून त्याच्या घरी, आणि दुरुस्तीचं टेबल भंगारात. माझ्या दोन खोल्या. एकीत मी झोपतो, दुसरीत टेबल. चाळीस वर्षं त्या टेबलावर लोकांचे मुके रेडिओ बोलते केले. भंगार म्हणे.
संकल्प: बेल दुरुस्त करणे. नवं तंत्रज्ञान रोज एक तास. चहा दिवसाला दोनच.

४ तारीख, मंगळवार.
तंत्रज्ञान सुरू. मशीन चवळीच्या दाण्याएवढं. उघडावं तर स्क्रूच नाही. ज्या वस्तूला स्क्रू नाही तिच्या पोटात काहीतरी काळंबेरं असतं.
सोबत माहितीपुस्तक, चौऱ्याऐंशी पानांचं. वाचलं नाही. वैद्याने रोग्याचं चरित्र वाचायचं नसतं, नाडी बघायची.
बॅटरी मसुराएवढी, वर नारिंगी स्टिकर. स्टिकर अर्थात तसंच ठेवलं. नव्या वस्तूवरचं आवरण काढायचं नाही ही आमच्या घरची शिस्त. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून आहे. मशीन कानात घातलं. ढिम्म. दुसऱ्या कानात. ढिम्म. निष्कर्ष: माल टाकाऊ.
भविष्यवाणी, नोंदवून ठेवतो: वस्तू बारीक करत नेण्याची ही लाट दोन वर्षांत ओसरेल. माणसाची बोटं काही बारीक होणार नाहीत.
चहा तीन. पहिला दिवस मोजायचा नसतो.

६ तारीख, गुरुवार. दुपारी.
बेलची चाचणी. बटण दाराबाहेर, पेटी आत भिंतीवर, मध्ये वायर नाही. वायर नसेल तर आवाज येणार कुठून? बाहेर उभं राहून पाव तास बटण दाबलं. चिडीचूप.
तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊन धावत वर. या बाईंचा आवाज मला आवडतो, जुन्या वळणाचा, खणखणीत. म्हणाल्या, "काका, पाव तास नुसतं टिंगटाँग टिंगटाँग. बाही उलटी शिवली मी."
दोष सापडला! इथे ऐकू येत नाही, खाली येतं. म्हणजे स्पीकर उलटा बसवलाय, सगळा आवाज जमिनीतून खाली गळतो. बाईंना समजावलं. बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. विज्ञान पटायला वेळ लागतो.

७ तारीख, शुक्रवार.
बेल उघडली. हिला स्क्रू आहे, घराणं बरं असावं. आत मात्र सगळी खसखस सांडलेली. आमच्या वेळी रेझिस्टरला अंग होतं, त्यावर रंगांचे पट्टे होते. ते पट्टे मी कवितेसारखे पाठ केले होते, चालीवर, टाळी धरून. ही खसखस कोण पाठ करणार?
स्पीकर उलटा करायला जुनी सोल्डरिंग आयर्न तापवली. हत्तीने सुई ओवावी तसं झालं. एक दाणा सुटला. हरकत नाही. उद्या बसवू. भिंग पुसून ठेवलं.

८ तारीख, शनिवार.
शिंकलो.

९ तारीख, रविवार.
ताईचा फोन. हल्ली फोनचे माइक निकृष्ट, शब्द पोचतच नाहीत, फक्त लय पोचते. पण लय ओळखली! शाळेत बक्षीस मिळालेली तिची कविता, रेडिओ तापेपर्यंत म्हणायची तीच. जिथे श्वास घेई तिथे मी वाहवा म्हटलं. शेवटी सूर वर गेला, काहीतरी विचारलं असावं. बहुतेक, आठवतंय का? मी म्हणालो, हे काय विचारणं झालं, ताई? नक्की! पलीकडे बराच वेळ शांतता. रडली असावी. ऐंशीला टेकलेली बाई अजून कवितेने हलते.

१२ तारीख, बुधवार.
दाणा शोधणे, दिवस चौथा. शिंपीणबाईंचं चुंबक आणलं. मिळालं ते: टाचण्या तीन, हेअरपिन एक. दाणा नाही. सतरंजी झटकली, ही चूक झाली.
चहा पाच. शोधमोहिमेत लागतो.

१४ तारीख, शुक्रवार.
पेपरात वाचलं, पुढचे पार्ट आत्ताच्याही दशांश असणार. म्हणजे शिंकही लागणार नाही, उसासा पुरे.
घरभर फेऱ्या मारतो आहे. या खोलीतून त्या खोलीत. टेबलावर हात ठेवला की जरा बरं वाटतं. उजव्या कोपऱ्याला आयर्नचे डाग आहेत; प्रत्येक डाग कुठल्या रेडिओचा ते सांगू शकतो. मुलाच्या घरी एकही वस्तू उघडता येणारी नाही. माणसंसुद्धा.
पण घाबरायचं कारण नाही. तीन दिवस आहेत.

१६ तारीख, रविवार.
ताईचा पुन्हा फोन. आज कविता नव्हती, आकडे असावेत. पाढ्यांची चाल होती. शाब्बास म्हटलं.
हताश होऊन माहितीपुस्तक मधूनच उघडलं. पान एकेचाळीस: बॅटरी हवेवर चालते. हवेवर! पुस्तक मिटलं. थापेलाही काही मर्यादा.
युक्ती सुचली. बेलची रिकामी पेटी भिंतीवर परत लावली. उद्या आठपासून दार सताड उघडं टाकून समोर खुर्ची. मुलगा दिसला की बटणाकडे त्याचं बोट जायच्या आत म्हणायचं, ये, ऐकली रे बेल. तंत्रज्ञान हरलं तरी बुद्धी आहे.

१७ तारीख, सोमवार. साडेअकरा.
आठला बसलो. वारा छान होता. साडेनऊला डोळे उघडले तर दारात ताई. दोन बॅगा, एक वळकटी, मागे जिन्यावर धापा टाकणाऱ्या शिंपीणबाई, तिसरी बॅग घेऊन.
ताई बोलत होती. बराच वेळ बोलत होती. मी वाहवा म्हटलं. त्यावर तिने माझ्या हातातली ही वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर लिहिलं: "इमारत पाडताहेत. तुझ्याकडे कायमची येऊ का विचारलं, तर म्हणालास हे काय विचारणं झालं. काल गाडीची वेळ सांगितली, तर शाब्बास म्हणालास."
मी तिच्या अक्षराकडे पाहत होतो. र अजून तसाच काढते.
मग तिने पुढे लिहिलं, मुलाशी कालच बोलणं झालंय. घरात एक तरी कानाचं माणूस असेल तर त्याला हरकत नाही, आता दहाला येत नाही तो.
म्हणजे जिंकलो! इथेच राहायचं. चाचणी न देता पास. मी टेबलावर थाप मारली.
ताई तोवर चष्मा लावून माहितीपुस्तक वाचायला बसली होती, पहिल्या पानापासून, तिची खोडच ती. मग तिने मशीनमधली बॅटरी काढली आणि मी ओरडेपर्यंत नखाने नारिंगी स्टिकर सोलून टाकलं. घड्याळात एक मिनिट मोजलं. मशीन माझ्या कानात बसवलं, लहानपणी कान पिळायची तसंच, जरा जोरात.
आधी घूंऽऽ. मग खरखर. मग विहिरीच्या तळातून दोर धरून वर यावा तसा आवाज, अगदी स्वच्छ:
"यातली माझी खोली कुठली रे?"