अर्धं पाहिलेलं नाटक

दि. ११ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. मी खुशाल आहे. आईच्या डोळ्यातलं पाणी थांबलं का? बाबांना सांग की मी पाठवलेला स्वेटर ट्रंकेत ठेवायला नाही, अंगात घालायला आहे. तुमच्या शिलाईच्या दुकानात नवं मशीन येणार होतं ते आलं, की मालक अजून पुढच्या महिन्यावरच आहे?

आमची गाडी अजून चालते, हाच एक चमत्कार समज. आम्ही तेच पाच जण: चर्चचे पाळकसाहेब, पाळकबाई, वकीलबाई, मी, आणि गाडी चालवणारा ब्रेकमामा. हे नाव त्याला पाळकबाईंनी दिलं. काहीही ठरवा, तो आधी "नाही जमणार" म्हणतो आणि मग सगळ्यांच्या आधी गाडी काढून उभा राहतो. वस्तीत गेलो की आधी गाणी, मग नाटक. मग वकीलबाई सांगतात, कामाच्या नावाखाली मुलींना कसं नेतात आणि विकतात, संशय आला तर कुठे जायचं. शेवटी पाळकसाहेब थोडक्यात बोलतात. त्यांचं थोडक्यात म्हणजे किती, ते तुला माहीत आहे.

मी माईक आणि वायरी बघतो, हे तुला लिहिलं होतं. ते खरंच आहे. परवा एका ठिकाणी कुत्र्यानं वायर चावली तरी गाणं थांबू दिलं नाही, दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिलो. पाळकबाई म्हणाल्या, तुला स्वर्गात जायची एवढी घाई आहे का?

नाटकात मी काय करतो, ते मात्र लिहिलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस. आता लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्या नाटकात मुलगी नाही. पाळकसाहेबांचा नियमच आहे की खोटी खोटी का होईना, कोणाची लेक लोकांसमोरून न्यायची नाही. मुलीच्या जागी आम्ही खुर्चीवर कपड्यांची पिशवी ठेवतो. पाळकबाई आई होतात. आणि काम द्यायला येणारा साहेब मी होतो.

पूर्वी साहेब ब्रेकमामा व्हायचा. काळा चष्मा, मिशीला पीळ, खदाखदा हसणं. लोक पोट धरून हसायचे आणि घरी जायचे. एकदा पाळकबाई वैतागल्या. म्हणाल्या, असा माणूस दारात आला तर मी कुत्रं सोडीन, मुलगी कशाला देईन? तेव्हा मी म्हटलं, मी करून बघू का?

ताई, तू सांगितला होतास तसाच मी तो केला. बूट दाराबाहेर काढतो. पाणी मागतो, पेला स्वतः विसळून पालथा घालतो. घाई करत नाही. "तुमची मुलगी आहे, तुम्हीच ठरवा," म्हणतो आणि निघायला उठतो. तू हे एकदाच सांगितलंस, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून. मी परत विचारलं नाही, पण विसरलोही नाही. मी निघायला उठलो की एकही माणूस हसत नाही. शेवटी पिशवी घेऊन जातो, आणि पाळकबाईंच्या हातात परत येते ती रिकामी. तेव्हा पुढे बसलेल्या बायका आपापल्या मुलींना जवळ ओढून घेतात. मी वायरीपाशी उभा राहून ते बघतो. स्वतःची स्तुती करू नये, पण मी चांगलं करतो, ताई.

मला सगळं जिथल्या तिथे लागतं, हा माझा जुना आजार. साहेब नाटकात सांगतो की मी अमुक ठिकाणी उतरलोय, उद्या दुपारपर्यंत आहे. ती जागा मी प्रत्येक गावात बदलतो, तिथली खरीखुरी घालतो, म्हणजे लोकांना पटतं. घोटाळा इथेच झाला.

गेल्या बुधवारी आम्ही सूतगिरणीच्या शेजारच्या मैदानात होतो. पाळी बदलायची वेळ कोणीच विचारून घेतली नव्हती. मी साहेबाच्या आवाजात म्हणालो, "मी चर्चच्या मागच्या खोलीत उतरलोय, विचार करून सांगा," आणि गिरणीचा भोंगा वाजला. पुढच्या रांगेतल्या बायका पदर झटकून उठल्या आणि कामावर गेल्या. उरलेल्या लोकांसमोर आम्ही नाटक पुरं केलं. पाळकसाहेब म्हणाले, जेवढं बी पडलं तेवढं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. दारात एक बाई उभी. रातपाळी संपवून आलेली, केसांवर कापूस. मागे तिची मुलगी, सोळा-सतराची, घट्ट वेणी, हातात पिशवी.

"साहेब, हिला आणलंय," ती म्हणाली. "दुसरी एक बाई पण न्यायला आलीय, पण ती म्हणते दोन वर्षं घरी पाठवणार नाही. तुम्ही वर्षातनं एकदा पाठवता म्हणालात. म्हटलं, तुम्हीच बरे."

माझ्या तोंडात फेस. तेवढ्यात पाळकबाई बाहेर आल्या. त्यांना बघून त्या बाईचा चेहरा उजळला. तिनं विचारलं, "अहो ताई, तुमची पोहोचली का नीट?"

पाळकबाई दाराला धरून खाली बसल्या. मग त्यांनी त्या बाईचा हात हातात घेतला आणि नाटकाचा राहिलेला भाग तिथेच, पायरीवर बसून सांगितला. बाई ऐकत होती आणि तापत होती. म्हणाली, म्हणजे काम नाहीच? देवाच्या नावानं गरिबाची थट्टा करता? तिचं काय चुकलं? पण तिची लेक शांतपणे म्हणाली, मग मी त्या बाईबरोबरच जाते. दुपारची बस आहे. शेजारची तर गेलीसुद्धा स्टँडवर.

चहा तसाच राहिला. वकीलबाई आणि पाळकसाहेब पोलिसांना आणायला निघाले. पाळकबाई मायलेकींपाशी थांबल्या. पण पोलीस येईपर्यंत मुली न्यायला आलेल्या त्या बाईला स्टँडवर थोपवून कोण धरणार? तिनं रिक्षा केली आणि पुढच्या थांब्यावर गेली तर संपलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाळकसाहेबांना म्हटलं, मला खोटं बोलावं लागेल. ते खरं तर शब्दाचे फार कडक आहेत. पण ते म्हणाले, "काल भोंग्यामुळे या बाईचं नाटक अर्धं राहिलं. ते पुरं करून ये."

ब्रेकमामा म्हणाला, नाही जमणार. आणि त्यानं गाडी नेऊन स्टँडच्या फाटकात आडवी उभी केली, बॉनेट उघडलं, आणि इंजिनाला शिव्या देत बसला. एकही बस हलेना. मागून ड्रायव्हर लोक त्याचा उद्धार करत होते आणि तो सगळ्यांना इंजिन दाखवून सल्ला विचारत होता.

मी आत गेलो. ती कशी असेल असं तुला वाटतं? चष्मा, सुती साडी, पायात साध्या चपला. कोणाचीही मोठी काकू. शेजारच्या मुलीची रिबन सुटली होती, ती बांधून देत होती. मुलीची पिशवी मात्र तिच्या मांडीवर होती.

मी बाकावर बसलो आणि तिच्याकडे पाणी मागितलं. मग म्हटलं की मीही मुली कामाला नेतो, आज सकाळी तुमचीच एक माझ्याकडे आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हसली. म्हणाली, नवा दिसतोस, बूट फार चकचकीत आहेत तुझे. लोक बुटांना भितात, भाऊ. मी तिला अजून विचारत राहिलो आणि ती मला शिकवत राहिली, जशी एखादी मावशी स्वयंपाक शिकवते. कुठल्या घरात जायचं, कुठल्या नाही. जिथे बाप बोलतो तिथे जायचं नाही, जिथे बाप आजारी आहे तिथे जायचं. मी मान डोलवत होतो.

मध्येच ती मुलगी रडवेली झाली. बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस गं. पोहोचलीस की पहिला फोन तुझ्या आईला, मीच लावून देईन."

ताई, हे वाक्य मला पाठ आहे. तुला म्हटलेलं तेच हे वाक्य. मी ते इतक्या गावांत, इतक्या लोकांसमोर बोललोय. तरीही तिनं म्हटलं तेव्हा माझे आवळलेले खांदे सैल झाले. क्षणभर मला वाटलं, चला, फोन लावणार आहे, म्हणजे ठीक आहे. ती कोण आहे हे माहीत असून मला असं वाटलं.

बाबा म्हणतात ना, हिला कळायला हवं होतं. आई म्हणते, हौसेनं गेली. मी काही म्हणत नव्हतो, पण मनात कुठेतरी मीही तेच धरून होतो. आता सांगतो, त्या बाकावर बाबा बसले असते तर त्यांनी स्वतः तिची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली असती. तू भोळी नव्हतीस, ताई. समोरची माणसं त्या कामात तरबेज होती.

इथे थांबतो. गाडी निघायची आहे.

रविवार, उपासनेनंतर

काल थांबलो ते गाडीमुळे नाही. पुढचं लिहायची भीती वाटत होती.

पोलीस आले. बाई जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, बरं झालं आलात, मी हिची आत्या, हा माणूस मघापासून मुलींची चौकशी करतोय. आजूबाजूचे म्हणाले, हो हो, आम्ही ऐकलं. आणि पहिली कॉलर धरली गेली ती माझी. ब्रेकमामा बॉनेट टाकून धावला तर त्यालाही बसवलं. एवढं चांगलं नाटक करू नये, असं तो मला पोलिसांच्या गाडीत म्हणाला.

वकीलबाईंनी ठाण्यात सगळं समजावलं. मुलीनं सांगितलं की ही आत्या नाही. सकाळची बाईही येऊन उभी राहिली आणि बोट दाखवून बोलली. तिला मी मानलं. पण तिथल्या मुख्य अधिकारी बाईंची शंका जाईना. त्यांनी मला विचारलं, "एवढं हुबेहूब बोलायला कुठे शिकलास?"

वकीलबाई काहीतरी सांगणार होत्या. त्यांनाही खरं माहीत नव्हतं, आमच्यात कोणालाच नव्हतं. तू तेव्हा कुठे होतीस, याचं आपल्या घरात एकच उत्तर ठरलेलं आहे: ती मावशीकडे शिकायला होती. माझ्या जिभेवर मावशी आलीही होती. समोर ती मुलगी बसलेली, खुर्चीच्या कडेला, आपल्याच पिशवीकडे बघत. उद्या तीही कुठल्यातरी मावशीकडे जाऊन आली असं तिच्या घरचे म्हणणार, हे मला दिसलं.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला अशाच माणसानं नेलं होतं. ती स्वतः तिथून निघून आली. तिनं मला शिकवलं."

ताई, मी हे तुला न विचारता बोललो. नाव सांगितलं नाही. अधिकारी बाईंनी विचारलं, तर म्हटलं, ते तिचं आहे, तिला विचारल्याशिवाय देणार नाही. तू रागावशील म्हणून तीन दिवस हे पत्र मनातच लिहीत होतो.

पण तिथे काय झालं ते ऐक. कोणी चुकचुकलं नाही. कोणी खाली बघितलं नाही. अधिकारी बाईंनी पेन ठेवलं आणि विचारलं, "आता कशी आहे?" मी म्हटलं, शिलाईच्या दुकानात काजं करते, तिच्यासारखं काज दुसऱ्या कोणाला जमत नाही. का कोण जाणे, हेच तोंडातून आलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, आज दोन मुली तिनं थांबवल्या." वकीलबाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. आणि ती चष्मेवाली बाई, जिनं मला सगळं शिकवलं, ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघेना.

माझी छाती एवढी भरून आली होती की उठताना खुर्ची पडली.

आता एक मागणं. सकाळची मुलगी गिरणीच्या शाळेत परत जातेय. पण शेजारची आमच्याशी बोलत नाही. तिच्या मते आम्ही तिची नोकरी घालवली, ती बाई चांगली होती, रिबन बांधून देत होती. पाळकबाई, वकीलबाई, सगळे सांगून थकले. मी सांगितलं तर ती म्हणते, तू तर नाटकवाला. खरंच आहे. माझं सगळं पाठ केलेलं, तुझं तसं नाही. तू येशील का? गाडीत जागा आहे. नको वाटलं तर नको, मी एका शब्दानं आग्रह करणार नाही. मी बोललो याचा राग आला असेल तर रागच लिही, नुसतं 'ठीक आहे' लिहू नकोस.

हे पत्र आईबाबांना दाखवायचं की नाही, तू ठरव. माझं एवढं ठरलं आहे की इथून पुढे कोणी विचारलं, तर मी मावशीचं नाव घेणार नाही.

त्या खोलीत मान वर करून जिला 'माझी बहीण' म्हटलं, तिचाच,

धाकटा