बाबांची मूठ

सोन-कुलचं कुरण, १४ जून

चि. जिपार हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मुठीचा जोर मोजायचं यंत्र पोचलं. तुझ्या दवाखान्याला कुरणावरच्या लहानथोरांची नोंद हवी म्हणालीस, म्हणून रविवारी सगळ्यांनी चहा सोडून तेच दाबलं. काल्बुबू आत्या चौऱ्याहत्तरची, पण जन्मभर दुभत्या घोड्यांची धार काढलेली. काटा थेट चोवीस किलोवर! मग तिने तुझ्या बाबांना डिवचलं, की उलाकच्या खेळात घोड्यावरून बोकड हिसकावून पळणारा माझा भाऊ कुठाय, बघू दे तरी. बाबांचे एकवीस भरले. यंत्रच खोटं म्हणाले, दुसऱ्या हाताने दाबलं. एकोणीस! तेव्हापासून धड जेवत नाहीत. बहिणीकडून हरले म्हणून रुसलेत, दुसरं काय!

तू वेळेवर जेव. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी आई, बुरुल

बिश्केक, १९ जून

ती. आईस जिपारचा सलाम वि. वि.

आई, हसण्यावारी नेऊ नकोस. त्रेसष्ट वर्षांच्या पुरुषाची मूठ इतकी हलकी नसते. एखादा सांधा धरला असता तर एकच हात गळाला असता. दोन्ही गळालेत म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. काय, ते मूठ सांगत नाही. कमरपट्टा किती भोकं आत गेलाय बघ. शौचाला काळं होतं का विचार. मला ते मेले तरी सांगायचे नाहीत. गवतकापणी राहू दे, हे पत्र घेऊन येणाऱ्या गाडीनेच त्यांना कोचकोरच्या दवाखान्यात आण. मी तिथे येते. चिडले तर खापर माझ्यावर फोड.

आत्याला सलाम. माया असू द्यावी.
तुझी जिपार

सोन-कुल, ११ जुलै

चि. जिपार हिस बाबांचे आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून गोळ्या चुकवलेल्या नाहीत. पोटातल्या अल्सरमधून महिनोन्‌महिने रक्त झिरपत होतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. तुला न सांगितलेलं आज लिहितो. हातांतला जोर गेलाय, हे मला मार्चमधल्या नवरोजपासूनच ठाऊक होतं. खोगिराचा तंग कसवत नव्हता. तंबूमागे जाऊन दातांनी ओढायचो. चारचौघांत माझी ओळखच या हातांची, सांगणार कुणाला? आत्या म्हणते, त्रेसष्टाव्या वर्षी इतकं बावळट असायला मेहनत लागते.

रक्त चढवल्यापासून भूक लागते. ताकद हळूहळू येईल म्हणतात. काल घोड्यावर बसायला निघालो, तर तुझ्या आईने न विचारता रिकीब धरली. गुराखी बघत होते. एरवी खेकसलो असतो. काल तिच्या खांद्यावर हात टेकला आणि चढलो.

लोभ ठेव, पोरी.
तुझा बाबा, तुर्दुबेक