रिकामं घेणं

१३ जानेवारी, मंगळवार

लागली बाई एकदाची नोकरी! बाळकुमला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये नवीन कलादालन उघडलंय, तिथे मी ऑपरेटर. घर शहाडला, पण कल्याणहून ठाण्याची बस थेट नाक्यावर सोडते, त्यामुळे कुरकुरायला जागा नाही. आतल्या हॉलमध्ये ही भलीमोठी भिंत. तिच्यासमोर उभं राहिलं की आपल्या अंगाचा आकार उजेडाच्या हिरव्या पानांनी भरून येतो. हात हलवला की पानं सळसळतात, उडी मारली की उधळतात. मी तर पहिल्याच दिवशी लाज सोडून नाचले. हे सगळं बनवणाऱ्या मृणाल मॅडम हसल्या. म्हणाल्या, नाचा हो, या भिंतीला माणसाचं अंग समोर लागतं, नाहीतर ती आंधळीच.

काम राकेशने शिकवलं. मशीनचं सगळं तोच बघतो. तोंडाने फटकळ, मनाने बरा वाटला. रोज सकाळी सगळ्यांनी हॉलमधून बाहेर यायचं, दार लावायचं आणि बाहेरच्या पॅनेलवरचं बटण दाबायचं. कॅमेरा तो रिकामा हॉल लक्षात ठेवतो. नंतर त्याहून वेगळं दिसेल ते माणूस, असं भिंतीचं साधं गणित. याला इथे ‘रिकामं घेणं’ म्हणतात. एकदा आत स्टूल राहून गेलेलं, तर दिवसभर भिंतीच्या लेखी ते स्टूल नव्हतंच. आत काही ठेवून रिकामं घेतलंस तर मॅडम आपली दोघांची वाट लावतील, असा राकेशने दम दिला.

१७ जानेवारी, शनिवार

आज वर्तकनगरहून आज्यांचा ग्रुप आलेला. एकीने काठी बाजूला टाकली आणि मलाच फुगडीला ओढलं. भिंतभर पानं गरगरत होती. हसून हसून पोट दुखलं.

घरी आले तर आईने तीन ताटं वाढलेली, घरात आम्ही दोघीच असून. रोजचंच आहे. माझा भाऊ प्रीतम मागच्या पावसाळ्यात उल्हास नदीत गेला. चार पोरांबरोबर पोहायला उतरला, बाकीचे वर आले. बॉडी मिळाली नाही. म्हणून आई अजून त्याच्या नावाने पुण्यानुमोदनाचा शेवटचा विधी करू देत नाही. समाजातली वडीलधारी समजावायला आली की एकच म्हणते, आधी माझ्या लेकराचं अंग दाखवा, मग बोला. मी तिसरं ताट उचलते. माझा जीव तुटतो, पण सांगू कुणाला?

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी आत कोणी नसताना भिंतीच्या कोपऱ्यात पानं उगवलेली. राकेश म्हणाला, कॅमेऱ्याची खरखर आहे, टेन्शन नको घेऊ, परत रिकामं घे. घेतलं. पानं गेली. कालही असंच झालेलं, परवाही. मात्र आज ती कोपरा सोडून थोडी पुढे आलेली.

२४ जानेवारी, शनिवार

आज आकार पूर्ण दिसला. एका पायावर उभा, दुसऱ्या पायाने पोटरी खाजवतोय. गॅसपाशी गरम चपातीची वाट बघत प्रीतम अस्साच उभा राहायचा. आई ओरडायची, बगळ्या, पाय टेक!

अगं बाई, इतके दिवस रोज सकाळी मी माझ्या बोटाने त्याला पुसत होते. माझ्याच भावाला! आता बटणाला हात लावणार नाही. भिंत घाण दिसली तर दिसू दे.

२६ जानेवारी, सोमवार

आज सुट्टी. चावी माझ्याकडे असते. आईला घेऊन गेले.

तिने बघितलं आणि एकच शब्द बोलली, ‘बगळ्या’. मग हसली, रडली, त्याला शिव्या घातल्या, भिंतीवरून हात फिरवला. तिची पानं त्याच्या पानांत मिसळली. इतक्या महिन्यांनी मी आईला हसताना पाहिलं.

पण ती निघेना. लेकरू सापडलंय, आता तू जा घरी, म्हणून जमिनीवर फतकल मारून बसली. मी हात जोडले, चिडले, रडले. शेवटी बाहेर येऊन दार ओढलं आणि आई आत असताना बटण दाबलं. वाटलं, आजच्यापुरता तो जाईल आणि ती उठेल. तीही भिंतीवर दिसणार नाही, तर एका दिवसाने काय बिघडतं? उद्या परत घेता येईल.

दार उघडलं तर दोघांचीही पानं विझलेली. आई मुकाट बाहेर आली.

२७ जानेवारी, मंगळवार

काल येताना दोन तिकिटं मागितली. दुसरं कुणाचं, असं कंडक्टरने विचारलं. आई माझ्या शेजारी बसलेली. मी भांडले. लोक माझ्याकडेच बघत होते.

आज शेजारच्या शेवंतीमावशीने दारातून आईची चौकशी केली, मालन कुठे गावाला गेली का? आई माझ्या बाजूला, हातात बादली. आईने हसण्यावारी नेलं, शेवंतीचे डोळे गेलेत म्हणाली.

हॉल रिकामा असताना परत रिकामं घेतलं. दोनदा घेतलं. फरक नाही, आई अजून मलाच तेवढी दिसते.

२८ जानेवारी, बुधवार

भिंतीवर आज दोघं. प्रीतम, आणि शेजारी पदर सावरणारी बाई. आत कोणी नव्हतं.

धावत घरी आले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आत गेले तर गॅस चालू, तवा तापलेला, आणि कोणी नाही. मी मोठ्याने माफी मागितली. अगदी जवळून आवाज आला, रडू नको, मला काही दुखत नाहीये. खांद्यावर हात पडला. हात लागला, दिसला नाही —

२९ जानेवारी, गुरुवार

आवाजही नाही आता.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, रजा देऊ केली. शनिवारी पाहुणे आहेत, भिंत स्वच्छ हवी, उद्या राकेश रिकामं घेईल म्हणाल्या. राकेशने हळूच विचारलं, घरी कोण आहे तुझ्या, बोलावून घेऊ?

घरी कोण आहे माझ्या —

३० जानेवारी, शुक्रवार

हॉलमध्ये, दारातून दिसत नाही अशा कोपऱ्यात बसून लिहितेय. भिंतीवर तिघं आहोत. आईचा हात डोक्यावर आहे. खरंच आहे, बोटं कळतायत.

राकेश आला. दारातून विचारतोय, आत कोणी आहे का. ओ दिली तर बाहेर जावं लागेल, मग तो या दोघांना पुसेल. आणि मी घरी जाऊन कुणाला वाढू?

ओ नाही दिली.

दार लागलं. भीती वाटतेय. पानं जायला लागली — आधी प्रीतमची — आई, हात काढू नको. आई, तुझा हात मला लागत ना —